पाण्याचा हक्क सातबाऱ्यावर की माणसावर?

25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेत चवदार तळ्यावरील सत्याग्रह मात्र तहकूब ठेवावा लागला, कारण तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे असा दावा लावून स्पृश्य मंडळींनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. पुढे 97 वर्षांनी, 25 डिसेंबर 2024 रोजी, मध्य प्रदेशात खजुराहो येथे केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाची कोनशिला पंतप्रधानांच्या हस्ते बसविण्यात आली. 44,605 कोटी रुपयांचा अंदाजित खर्च, 77 मीटर उंचीचे धरण आणि 221 किलोमीटर लांबीचा जोडकालवा असा हा प्रचंड खटाटोप आहे. दोन्ही घटनांची तारीख एकच आली हा योगायोग होय. योगायोगावरून अनुमान काढणे वकिलाला शोभत नाही. परंतु त्या तारखेने एक प्रश्न आपल्यापुढे उभा केला आहे, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. एका खोऱ्यातील नदी उचलून दुसऱ्या खोऱ्यात नेण्याचे सामर्थ्य ज्या राष्ट्राने मिळविले, त्या राष्ट्राने गावाच्या वेशीपासून आपल्या वस्तीपर्यंत पाणी नेण्याचे सामर्थ्य अद्याप का मिळविले नाही?

हा प्रश्न सामर्थ्याचा नाही, इच्छेचा आहे. आणि इच्छेच्या मागे कायद्याची एक रचना आहे. ती रचना नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या कुटुंबांनी समजून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

सह्याद्री फुटला, पण ओंजळ रिकामी

मोठ्या प्रमाणावर पाण्याचे स्थलांतर ही आजची कल्पना आहे असे कोणी समजू नये. आपल्या महाराष्ट्रात तिला शंभर वर्षे होऊन गेली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांच्या कंपनीने घाटमाथ्यावर धरणे बांधली आणि पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेकडे कोकणात उतरविले. खोपोलीचे वीजगृह 1915 साली, भिवपुरीचे 1922 साली व भिरा येथील वीजगृह 1927 साली सुरू झाले. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशी खोऱ्यातील मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या व त्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली दिलेला लढा इतिहासात नमूद आहे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. भिरा हे ठिकाण त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यातले, आणि महाडही त्याच कुलाबा जिल्ह्यातले. वर्षही तेच, 1927. ज्या जिल्ह्यात सह्याद्रीचा कडा फोडून अख्खी नदी खाली आणली गेली, त्याच जिल्ह्यात त्याच वर्षी 20 मार्च रोजी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी तळ्यातील ओंजळभर पाणी घेतले म्हणून त्यांची डोकी फोडण्यात आली. कडा फोडणे सोपे होते. जात फोडणे अवघड होते. तेव्हा पाण्याचा प्रश्न हा केवळ स्थापत्यशास्त्राचा प्रश्न आहे असे जे विद्वान आज सांगतात, त्यांना 1927 सालचा कुलाबा जिल्हा हेच उत्तर आहे.

महाडचा दावा दहा वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी त्याचा अखेरचा निकाल दिला. तळे खाजगी नाही, ते नगरपालिकेचे आहे. आणि अस्पृश्यांना वगळण्याची चाल अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादींना सिद्ध करता आले नाही, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी ठरविले. नंतर संविधान आले. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडाने सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांचा वापर जातीच्या कारणावरून कोणासही नाकारता येणार नाही असे सांगितले. 1955 साली अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा झाला, 1989 साली अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, आणि त्यातील 2015 च्या दुरुस्तीने नदी, झरा, विहीर, टाकी व नळ यांवर अनुसूचित जातीच्या माणसास अटकाव करणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरला. कर्नाटकात एका गावी नव्याने खोदलेल्या कूपनलिकेवर बंदुकीचा धाक दाखवून आपल्या लोकांना पाणी भरू दिले नाही. त्या खटल्यात उच्च न्यायालयाने सोडून दिलेल्या आरोपींना सर्वोच्च न्यायालयाने 1992 साली पुन्हा दोषी ठरविले. तात्पर्य, ओंजळीचा कायदेशीर हक्क आपण मिळविला आहे. त्याचा भंग होतो, तो अजूनही होतो. परंतु भंग झाला तर दाद मागायला जागा आहे.

पण ओंजळीचा हक्क म्हणजे पाण्याचा हक्क नव्हे. तळ्यावर जाण्याचा हक्क मिळाला तोपर्यंत पाणी तळ्यातून कालव्यात गेले होते.

‘मागणी’ कोणाची मोजतात?

पाण्याच्या नियोजनाचे सारे ग्रंथ दोन शब्दांभोवती फिरतात: पुरवठा आणि मागणी. पुरवठा कमी पडला की धरण बांधावे, कालवा काढावा, दुसऱ्या खोऱ्यातून पाणी आणावे, हा एक मार्ग. मागणी आवरावी, पीक बदलावे, गळती थांबवावी, पाणी मोजून द्यावे, हा दुसरा मार्ग. या दोहोंचा वाद विद्वानांत रंगतो. परंतु ‘मागणी’ म्हणजे कोणाची मागणी, असे त्यांतला क्वचितच कोणी विचारतो.

महाराष्ट्रात 2005 साली दोन महत्त्वाचे कायदे झाले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण निर्माण केले. दुसऱ्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपविले. उद्देश चांगला होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पाणी वापर संस्थेचा सभासद कोण? लाभक्षेत्रात ज्याची जमीन आहे किंवा जो ती कायद्याने कसतो, तो. त्याच क्षेत्रात जो आयुष्यभर खुरपतो, बांध घालतो, पाटाचे दारे धरून रात्रभर चिखलात उभा राहतो, तो सभासद नव्हे. त्याला मत नाही, हिस्सा नाही, पाण्याची पाळीही नाही. पाणी जमिनीच्या मागे जाते. जमीन सातबाऱ्याच्या मागे जाते. आणि सातबारा इतिहासाच्या मागे जातो.

तो इतिहास आपल्या लोकांना सांगायला नको. गावकीची कामे करणाऱ्यांना वतन म्हणून जो तुकडा मिळाला, तो गुलामीचा मोबदला होता. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने गेली, ते योग्यच झाले. परंतु पुनर्प्रदानाची रक्कम भरण्यात आणि नंतरच्या व्यवहारांत किती वतनी जमिनी दुसऱ्यांच्या नावावर गेल्या, हे प्रत्येक तालुक्याच्या दप्तरात लिहिलेले आहे. 1959 साली व पुन्हा 1964 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारोंनी तुरुंग भरले, ते काही उगाच नव्हे. आज स्थिती काय आहे? 2011 च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे साडेसोळा टक्के होते. 2015-16 च्या कृषिगणनेत कसल्या जाणाऱ्या क्षेत्रापैकी त्यांच्याकडे नऊ टक्केही क्षेत्र नव्हते. म्हणजे पाणी जमिनीप्रमाणे वाटायचे असे ज्या क्षणी ठरते, त्या क्षणी आपला निम्मा हिस्सा कोणतीही जात न विचारता कापला जातो. आणि ज्याला मुळीच जमीन नाही, त्याचा सबंध हिस्सा जातो. पूर्वी तळ्यावर जात विचारीत. आता कालव्यावर सातबारा विचारतात. शब्द बदलला, रांगेत मागे उभा असलेला माणूस तोच राहिला.

थोडा हिशेब करून पाहा

‘पाणीच कमी आहे, त्याला कोण काय करणार?’ असे आपल्याला वारंवार सांगण्यात येते. तेव्हा हा हिशेब आपल्या मुलाबाळांसमवेत बसून एकदा कराच.

15 ऑगस्ट 2019 रोजी सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज 55 लिटर हे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका माणसाला वर्षाला सुमारे 20 हजार लिटर. धरणाचे पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,831 कोटी लिटर. भागाकार केला तर एका टीएमसीत सुमारे 14 लाख माणसांची वर्षाची गरज भागते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या 65 लाख 31 हजार इतकी नोंदली गेली. या सर्वांना या प्रमाणात वर्षभर पाणी द्यावयाचे तर पाच टीएमसीही लागत नाही. साऱ्या महाराष्ट्राची त्या वेळची सव्वाअकरा कोटी लोकसंख्या घेतली तरी सुमारे 80 टीएमसी पुरते; आणि एकट्या कोयना धरणाची साठवण 105 टीएमसी आहे. लोकसंख्या त्यानंतर वाढली आहे, हे खरे. शहरांचे प्रमाण अधिक आहे, हेही खरे. परंतु हिशेबाचा निष्कर्ष त्याने उलटत नाही. पिण्याला, रांधायला, अंग धुवायला पाणी कमी नाही.

मग पाणी जाते कोठे? कृषी खर्च व मूल्य आयोगाने मांडलेला हिशेब असा की महाराष्ट्रातील पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर असलेला ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या जवळपास पाणी पितो. पाटाने पाणी दिले तर एक हेक्टर उसाला ढोबळ मानाने वर्षाला दोन कोटी लिटर पाणी लागते. दोन कोटी लिटर म्हणजे वर उल्लेखिलेल्या प्रमाणाने हजार माणसांचे वर्षाचे पाणी.

2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहर कोरडे पडले, मांजरा धरणात पाणी राहिले नाही, आणि कृष्णाकाठच्या मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. 12 एप्रिल 2016 रोजी पहिली गाडी पोहोचली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. साऱ्या देशाने त्या गाडीचे कौतुक केले. ते कौतुक करणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की एका हेक्टर उसाचे वर्षाचे पाणी म्हणजे अशा चाळीस गाड्या, हे तुम्हांला ठाऊक होते काय? आणि तो ऊस तोडायला जे कोयता घेऊन घरदार सोडून जातात, त्यांत आपले भूमिहीन बांधव व भगिनी किती, आणि फडाच्या कडेला पालात राहताना त्या पाणी कोठून भरतात, हे तुम्ही कधी पाहिले काय?

मागणी आवरणे म्हणजे काय, ते येथे स्पष्ट होते. आजवर मागणी आवरली गेली ती आपली. आपल्या बायका दोन घागरींत घर चालवितात, तेवढी काटकसर जगातल्या कोणत्याही तज्ज्ञाने शिकविलेली नाही. आता आवरायची आहे ती उसाची मागणी. ठिबक सक्तीचे करा, पाणी मोजून द्या, कालव्यांची गळती बंद करा. कालव्यात सोडलेल्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी पिकाच्या मुळाशी पोहोचण्यापूर्वी वाटेतच जिरते व उडून जाते, असे सरकारच्याच समित्या सांगत आल्या आहेत. घरातील रांजण गळका असता तो न सांधता शेजारच्या गावाहून पाणी आणायला निघालेल्या माणसाला आपण शहाणा म्हणतो काय?

गोसीखुर्दचा धडा

विदर्भातील वाचकांना दूरचे उदाहरण द्यायला नको. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. पवनी ही आपली प्राचीन धम्मभूमी. 1969-70 च्या उत्खननात तेथे मोठे स्तूप सापडले. 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधानांनी या धरणाचे भूमिपूजन केले. मूळ अंदाज 372 कोटी रुपयांचा होता व सुमारे अडीच लाख हेक्टर भिजविण्याचे वचन होते. 2009 साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. खर्चाचा अंदाज पुढे 18 हजार कोटींच्या वर गेला. तीन तपांहून अधिक काळ लोटला, तरी वचन पुरतेपणी फळास आले नाही. दुसरीकडे, नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळून याच जलाशयात येते. ज्या नगरीत 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपल्या पूर्वजांना धम्माचा मार्ग मिळाला, त्या नगरीची घाण काठच्या गरिबाने व धीवराने प्यावी, हा कोठला न्याय?

आता याच गोसीखुर्दमधून नळगंगेपर्यंत, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यापर्यंत, 426 किलोमीटरचा जोडकालवा काढण्यास राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मान्यता दिली आहे. सुमारे 62 टीएमसी पाणी, 3 लाख 71 हजार हेक्टर सिंचन आणि ऐंशी हजार कोटींहून अधिक खर्च. पश्चिम विदर्भाची तहान खरी आहे. तेथील शेतकऱ्यांची दुर्दशा खरी आहे. कोणत्याही बौद्धाने तिची थट्टा करू नये. परंतु ज्यांनी 372 कोटींचे काम 18 हजार कोटींवर नेले, त्यांच्या हाती ऐंशी हजार कोटी देण्यापूर्वी जनतेने हिशेब मागणे हा देशद्रोह नव्हे. राज्याच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचित क्षेत्राचे प्रमाण केवळ 0.1 टक्क्याने वाढल्याचा आकडा छापला गेला आणि त्यावरून केवढे वादळ उठले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

आणि आपला खास प्रश्न निराळाच आहे. हा 426 किलोमीटरचा कालवा ज्या गावांवरून जाईल, त्या प्रत्येक गावात आपली वस्ती आहे. कालव्यासाठी ज्याची जमीन जाईल, त्याला मोबदला मिळेल. ज्याच्या शेताला पाणी मिळेल, त्याच्या जमिनीची किंमत वाढेल. ज्याची जमीनच नाही, त्याला काय मिळेल? कालव्याचे पाणी वाहताना पाहण्याचे सुख?

बाबासाहेबांनी धरणांना विरोध केला नव्हता

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आपले काही तरुण मित्र, शहरातील निसर्गप्रेमी मंडळींचे ऐकून, प्रत्येक धरणाला शिव्या देतात आणि गावातील जुन्या जलव्यवस्थेचे गोडवे गातात. त्या जुन्या व्यवस्थेत आपले स्थान कोठे होते, हे ते विसरतात. जुन्या आडावर आपल्या आजीची घागर कोणी भरून दिली तर भरायची, नाहीतर ती तासन् तास रिकामी बसायची. त्या व्यवस्थेबद्दल गहिवर येण्याचे आपणांस कारण नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या देखरेखीखाली आकारास आली. तिचा कायदा 1948 साली झाला. महानदीवरील हिराकूडच्या योजनेचा पाया त्यांच्याच काळात घातला गेला. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटक येथील परिषदेत, पुराच्या पाण्याला शत्रू समजून बांध घालीत बसण्यापेक्षा ते साठवून सिंचन, वीज व जलवाहतूक यांसाठी वापरावे, अशी त्यांची मांडणी होती. पाणी म्हणजे लोकांची संपत्ती, ही दृष्टी त्यांनी या देशाला दिली.

परंतु त्याच बाबासाहेबांनी 1947 साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ती सामुदायिक रीतीने कसावी, कोणी जमीनदार नसावा व कोणी भूमिहीन मजूर नसावा, आणि त्या शेतीला पाणी पुरविण्याची जबाबदारी राज्याची असावी, अशी योजना मांडली. देशाने त्यांच्या धरणाचा आराखडा घेतला आणि जमिनीचा आराखडा फेकून दिला. अर्धे आंबेडकर घेतले, अर्धे टाकले! आज नदीजोडीच्या समर्थनार्थ बाबासाहेबांचे नाव मोठ्या अगत्याने घेतले जाते. त्या वक्त्यांना आपण नम्रपणे विचारावे की, महाराज, 1945 चे भाषण तर तुम्ही वाचले, 1947 चे निवेदन केव्हा वाचणार?

याहून मोठी साक्ष प्रत्यक्ष धम्मग्रंथात आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून बाबासाहेबांनी म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी यांच्या दर्शनाची परंपरागत कथा स्वीकारली नाही. त्यांनी कारण दिले ते रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचे. शाक्य व कोलीय यांचे सेवक पाण्यावरून भांडले, जखमी झाले. आणि शाक्य संघाने बहुमताने युद्धाचा निर्णय घेतला. सिद्धार्थाने सुचविले की दोघांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी तंटा मिटवावा. बहुमताने ते नाकारले. युद्धात भाग घेण्यास नकार देऊन कुटुंबावर आपत्ती येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

वाचकहो, या कथेचा अर्थ नीट पाहा. पाणी होते मालकांचे, डोकी फुटली सेवकांची. आणि निर्णय घेताना त्या सेवकांना कोणी विचारले नाही. आजही राज्याराज्यांचे पाणीतंटे लवादांपुढे चालतात. 1956 च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याने तशी सोय केली आहे. लवादापुढे राज्य बोलते, पाटबंधारे खाते बोलते, जमीनधारक बोलतो. सेवक बोलत नाही. ज्या धम्माचा आरंभ बाबासाहेबांनी पाण्याच्या न्याय्य वाटपाच्या प्रश्नात दाखवून दिला, त्या धम्माच्या उपासकाने ‘पाण्याशी माझा काय संबंध?’ असे म्हणावे, हे विपरीत होय.

आक्षेप आणि उत्तर

पहिला आक्षेप असा की पाण्याला जात नसते. अगदी खरे! पाण्याला जात नसते. पाणी वाटणाऱ्याला असते. 2011 च्या जनगणनेत देशातील सुमारे 47 टक्के कुटुंबांना घराच्या आवारात पाणी होते, अनुसूचित जातींच्या कुटुंबांत ते प्रमाण सुमारे 35 टक्के होते. पाण्याला जात नसेल तर हे अंतर कोणी आखले?

दुसरा आक्षेप असा की ज्याला शेत नाही, तो पाण्याचा हिस्सा घेऊन काय करील? या आक्षेपाला महाराष्ट्रातील एका प्रयोगाने पन्नास वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी 1974 नंतर पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरविला; माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, कुटुंबाला कमाल अडीच एकर. ऊस लावायला बंदी. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही हिस्सा! तो आपल्या हिश्श्यावर दुसऱ्याची जमीन वाट्याने कसू शकतो, चारा वा भाजी पिकवू शकतो. जमीन असूनही पाणी नसलेला आणि पाणी असूनही जमीन नसलेला असे दोघे बरोबरीने बसून करार करू शकतात. मालक आणि मजूर यांच्या जागी दोन भागीदार येतात. हीच गोष्ट काहींना सहन होत नाही. आक्षेपाचे मूळ तेथे आहे.

तिसरा आक्षेप असा की हे सर्व मागणे म्हणजे प्रगतीला अडथळा. आम्ही कालवा थांबवा असे म्हणत नाही; कालव्यावर आमचे नाव लिहा असे म्हणतो. संविधानाचा अनुच्छेद 39 सांगतो की समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक होईल अशा रीतीने विभागले जावे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली निर्मळ पाणी हे जगण्याच्या हक्काचे अंग मानले, आणि 1996 साली राज्य हे नद्यांचे मालक नसून विश्वस्त आहे असे सांगितले. विश्वस्ताने सर्व लाभार्थींना सारखे पाहावे, हा कायद्याचा प्राथमिक धडा आहे. जो विश्वस्त काहींना टीएमसीत देतो आणि काहींना घागरीत, त्याला न्यायालयात काय म्हणतात, ते कोणताही विद्यार्थी सांगेल.

मागण्या आणि कर्तव्य

आपल्या मागण्या मोजक्या व स्पष्ट असाव्यात. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात पाण्याचा काही निश्चित हिस्सा माणशी ठरवून भूमिहीन कुटुंबांच्या नावे नोंदवावा. पाणी वापर संस्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून लाभक्षेत्रातील भूमिहीनांना सभासदत्व व मत द्यावे. नव्या कालव्याचे पाणी पहिल्या शेतात शिरण्यापूर्वी वाटेवरील प्रत्येक वस्तीच्या नळाला आलेले असावे. जलाशयातील मासेमारी व गाळपेर यांवर विस्थापित भूमिहीनांचा अग्रहक्क असावा. आणि पाणी कमी आहे असे जोवर सरकार म्हणते, तोवर पाटाने ऊस पिकविण्यास मनाई असावी.

परंतु मागण्या लिहून पाठविल्या की कर्तव्य संपले, असे नाही. ज्या हक्कांवर कायद्याची मोहोर आहे, ते तरी आपण वापरतो काय? गावाच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया आणि एक चतुर्थांश दुर्बल घटकांचे प्रतिनिधी असावेत, असे जल जीवन मिशनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आपल्या गावच्या समितीत आपल्या वस्तीतील कोण आहे, हे पुढच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा. आणि शक्य तो आपल्या घरातील भगिनींनी विचारावे, कारण घागरीचे वजन त्यांना ठाऊक आहे. नळजोडणी झाल्याची नोंद असून पाणी येत नसेल तर तोंडी गाऱ्हाणे करू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोच जपून ठेवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, लेखी तक्रार पुरावा होते. जमीन संपादनाची नोटीस गावात आली तर 2013 चा कायदा लक्षात ठेवा: तीन वर्षे त्या जमिनीवर राबून ज्याचे पोट भरत होते, तो मजूरही ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत येतो. आपले नाव यादीत घातले नाही तर मुदतीत हरकत नोंदवा. धर्मांतर केल्याने अनुसूचित जातीचे संरक्षण जाते, असे कोणी अधिकारी सांगू लागला तर त्याला 1990 च्या कायद्याची आठवण द्या. त्या वर्षापासून बौद्धांनाही ते संरक्षण आहे.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी दुसरे शील रोज उच्चारावे तेव्हा त्याचा विचारही करावा. जे दिलेले नाही ते घेऊ नये, हे शील आहे. दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी आपल्या उसाला वळविणे हे त्या शीलाचा भंग आहे. परंतु आपल्या मुलांचा न्याय्य वाटा दुसऱ्याने नेला असता गप्प बसणे, हे शीलपालन नव्हे. ती पूर्वीच्या गुलामीची सवय आहे, आणि ती सवय आपण दीक्षाभूमीवर टाकून आलो आहोत.

महाडला आपल्या पूर्वजांनी तळ्याचे पाणी चाखले ते केवळ तहान लागली होती म्हणून नव्हे. आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. माणूस असल्याचे आता सिद्ध झाले आहे. माणसाचा वाटा मिळवायचा उरला आहे. तो सातबाऱ्यावर लिहिलेला नसेल, तर संविधानावर लिहिलेला आहे. आणि सातबारा संविधानाहून मोठा नाही.

जय भीम!